ओ-९ निगेटिव्ह: आवरणाखाली दडलेल्या टायफॉइडचं एक प्रकरण

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आमच्या प्रयोगशाळेतून वॉर्डला फोन गेला: "ब्लड कल्चरमध्ये साल्मोनेला आलाय, पण टायफी नाही." टायफी म्हणजे साल्मोनेला या जंतूंच्या कुळातला टायफॉइड करणारा जंतू. दुपारी तीनच्या सुमारास तो निरोप मागे घ्यावा लागला. मधल्या चार तासांत एका बापाने जे सोसलं ते टाळता आलं असतं, आणि ते टाळायला पाण्याचं एक उकळतं भांडं पुरेसं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. परळमधल्या एका खासगी प्रयोगशाळेचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग मी बघते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती असे तपशील थोडे बदलले आहेत.

रुग्ण

भांडुपला डोंगराच्या उतारावर राहणारी १९ वर्षांची कॉलेजातली मुलगी. सहा दिवस ताप, रोज संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त चढणारा. डोकं ठणकायचं, जेवणावरची वासना उडाली होती, पोट साफ होत नव्हतं. मुंबईत पावसाळ्यात असा ताप घेऊन येणाऱ्याचं आधी मलेरिया आणि डेंग्यूचं रक्त जातं, तसं तिचंही गेलं. दोन्ही निगेटिव्ह. चौथ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी टायफॉइडसाठी विडाल चाचणी केली, तीही निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी ४,२००. घरात आजी पहिल्यापासून म्हणत होती, "हा मुदतीचा ताप आहे, असा दोन दिवसांत नाही जायचा." आजीचं निदान बरोबर होतं.

विडालबद्दल इथेच सांगून टाकते. १८९६ सालची ही चाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मोजते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी बनलेली नसतात, म्हणून खरा टायफॉइड सुटून जातो. उलट आपल्याकडे ज्याला पूर्वी कधी संसर्ग होऊन गेलाय त्याच्यात ती आधीपासूनच असू शकतात, मग नसलेला टायफॉइड दिसतो. एकट्या विडालवर कुणी औषध सुरू करू नये किंवा थांबवूही नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलगी दाखल झाली. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट फार चांगली केली: अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या भरल्या, प्रत्येकीत पुरेसं रक्त घालून. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जिवंत जंतू असतो. दोन-तीन मिलिलिटर रक्तावर भागवलं तर जंतू सापडणं नशिबावर सोडल्यासारखं होतं. रक्त घेऊन झाल्यावर सेफ्ट्रायाक्झोन सुरू झालं.

बाकावर काय दिसलं

एकोणीस तासांनी मशीनने बाटली पॉझिटिव्ह दाखवली. ग्रॅम स्टेनमध्ये लालसर, सुटेसुटे दंडगोल जंतू. मॅकॉन्की अगर या जंतू वाढवायच्या माध्यमावर फिकट, लॅक्टोज न वापरणाऱ्या वसाहती. जंतू ओळखायच्या रासायनिक चाचण्यांच्या पुढच्या नळ्या लागल्या आणि शुक्रवारी सकाळी रात्रपाळीच्या तंत्रज्ञ मुलाने त्या वाचल्या. टीएसआय, म्हणजे साखर आणि लोह घातलेलं अगर तिरकं गोठवलेली नळी: उतार लाल, बुड पिवळं, गॅस नाही. युरिएज, सिट्रेट, इंडोल निगेटिव्ह. हालचाल आहे. लायसिन पॉझिटिव्ह, ऑर्निथिन निगेटिव्ह. हायड्रोजन सल्फाइडच्या रकान्यात त्याने लिहिलं: निगेटिव्ह.

मग स्लाइड. काचेवर सलाइनचा थेंब, त्यात वसाहतीतला टोकभर जंतू घोळवून दुधट द्रव करायचा, शेजारी अँटिसिरमचा, म्हणजे ठरावीक खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रवाचा थेंब, दोन्ही मिसळून काच मिनिटभर हाताने झुलवायची आणि काळ्या पार्श्वभूमीवर दिव्याखाली बघायची. सिरममधल्या प्रतिपिंडांना हवी ती खूण जंतूच्या पृष्ठभागावर मिळाली, तर दूध फाटल्यासारखे दाणे दिसतात. नाही मिळाली, तर दूध तसंच राहतं. मुलाने आधी नुसत्या सलाइनमध्ये जंतू आपोआप गुठळ्या धरत नाही ना ते पाहिलं. मग ओ-९ नावाचं सिरम लावलं: दूध तसंच. ओ-२: दूध तसंच. दोन्ही पुन्हा केले, तेच.

मुलगा काळजीपूर्वक काम करणारा आहे. त्याने भिंतीवरचं कार्ड वाचलं. कार्डावर लिहिलं होतं: ओ-९ आलं तर टायफी, ओ-२ आलं तर पॅराटायफी ए (पॅराटायफॉइडचा जंतू), दोन्ही आलं नाही तर 'साल्मोनेला स्पीशीज' असं कळवून संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवा. ते कार्ड पाच वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं. एक ओळ त्यात राहून गेली होती. फ्रिजच्या दारात व्हीआय, म्हणजे जंतूवरचं बाहेरचं आवरण, ओळखणाऱ्या अँटिसिरमची बाटली होती, मुदतीतली होती, पण कार्डावर तिचं नावच नव्हतं.

वॉर्डमधल्या निवासी डॉक्टरांनी निरोप ऐकला आणि पुस्तकात जे लिहिलंय तेच केलं. टायफॉइड-पॅराटायफॉइड सोडून दुसरा साल्मोनेला सहसा आतड्यातच राहतो, जुलाब करतो आणि जातो. तो धडधाकट तरुण माणसाच्या रक्तात सापडला, तर रोगप्रतिकारशक्तीत काही बिघाड आहे का हे तपासायचं असतं, हृदयाच्या झडपांवर किंवा रक्तवाहिन्यांत संसर्ग बसलाय का तेही. म्हणून एचआयव्ही तपासणीचा संमतीपत्राचा कागद मुलीसमोर ठेवला गेला आणि टुडी एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी लिहिली गेली. त्या डॉक्टरांची यात काहीही चूक नव्हती. चूक आम्ही दिलेल्या नावात होती.

मी सकाळी एका प्रशिक्षणाला गेले होते. एक वाजता परतले तेव्हा मुलीचे वडील काउंटरशी उभे होते. हातात आमच्या पावतीची घडी. बाजूला माणसं होती म्हणून जवळ येऊन हळू आवाजात बोलले, "मॅडम, पोरीला एक कागद सही करायला दिलाय. तिला तसलं काही निघालंय का? तुमच्याच रिपोर्टवरून सांगितलं म्हणाले." मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "माझ्याकडून अजून पक्का रिपोर्ट गेलेला नाही. मला तासभर द्या, मी स्वतः बघते." ते बसले नाहीत. जिन्यात जाऊन उभे राहिले.

तासाभराचं काम

टीएसआयची नळी खिडकीच्या उजेडात धरली. उतार आणि बुड जिथे मिळतात तिथे काळी रेघ होती, केसासारखी बारीक, एका बाजूलाच उमटलेली. मिसरूड फुटावं तशी. टायफीचा हायड्रोजन सल्फाइड असाच असतो, थोडासा आणि उशिराने येणारा. बुड काळंभोर करणारे साल्मोनेला वेगळे. मुलाने सकाळी नळी ट्यूबलाइटखाली समोरून बघितली होती, त्याला ती रेघ दिसली नव्हती. गॅस नाही, सिट्रेट नाही, ऑर्निथिन नाही आणि ही मिसरूड. नळ्या टायफीच सांगत होत्या. स्लाइड नाही म्हणत होती.

व्हीआयची बाटली काढली. जिवंत जंतूचा तोच दुधट द्रव, व्हीआय सिरमचा थेंब. दहा सेकंदही झाले नसतील, काचेवर दाणे पडले. मुलगा मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, मग टायफीच ना?" म्हटलं, "अजून नाही."

व्हीआय आवरण टायफीची एकट्याची मिरास नाही. पॅराटायफी सी आणि डब्लिन या साल्मोनेलांच्या काही जातींत ते असतं, आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉयंडाय या वेगळ्याच जंतूच्या काही जातींतही. तेव्हा व्हीआय आलं की एवढंच कळतं: वर एक आवरण आहे, आणि आधीच्या दोन्ही सिरमचं 'नाही' वाचण्यासारखं नाही. आवरण काढून खाली काय आहे ते बघावं लागतं.

ते काढायला उष्णता लागते. काचेच्या नळीत मिलिलिटरभर सलाइनमध्ये जंतूचा दाट द्रव केला आणि नळी उकळत्या पाण्यात ठेवली, वीस मिनिटं. या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. भांड्यातलं पाणी नळीच्या काचेवर टकटक वाजत होतं आणि जिन्यात ते वडील उभे आहेत हे आम्हा दोघांना माहीत होतं. नळी थंड केली, नव्या काचेवर पुन्हा मांडामांड. ओ-९: पहिल्याच झोक्यात दाणे, इतके ढोबळ की दिव्याची गरज नव्हती. ओ-२: काही नाही. व्हीआय: आता काही नाही, दूध तसंच. सकाळच्या अगदी उलट चित्र. कशाभिकांचं, म्हणजे जंतू ज्यांनी पोहतो त्या धाग्यांचं सिरम, एच-डी, मऊ अगरमधून वाढवलेल्या जंतूवर लावलं, तेही आलं. साल्मोनेला टायफी.

वॉर्डला फोन मी स्वतः केला आणि 'आमचा सकाळचा निरोप चुकीचा होता' हे शब्द तसेच वापरले. मग जिन्यात गेले. "टायफॉइड आहे. साधा, दूषित पाण्यातून नाहीतर खाण्यातून होणारा टायफॉइड. तो कागद आता लागणार नाही, डॉक्टर तुम्हाला सांगतील." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग भिंतीला टेकले.

काचेवर नेमकं काय घडलं

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथे, कारण आमच्या विद्यार्थ्यांना 'उकळा' हे माहीत असतं, का उकळायचं हे फार थोड्यांना.

टायफीच्या बाहेरच्या पडद्यातून साखरेच्या लांब साखळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यांना ओ-अँटिजन म्हणतात. त्या साखळीत एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला असतो: गॅलॅक्टोज, मॅनोज, ऱ्हॅम्नोज यांचा कणा आणि मॅनोजला बाजूने लटकलेली टायव्हेलोज नावाची साखर. ओ-९ सिरम ओळखतं ते या टायव्हेलोजला. पॅराटायफी ए मध्ये कणा तोच, फक्त टायव्हेलोजच्या जागी पॅराटोज. ओ-२ सिरम ओळखतं ते पॅराटोजला. आता या दोन साखरांत फरक किती? अणू तेच, तितकेच. दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल एकीत एका बाजूला तोंड करून आहे, दुसरीत उलट बाजूला. टायफी आधी पॅराटोजच बनवतो आणि मग एक एन्झाइम तो हायड्रॉक्सिल फिरवून टायव्हेलोज करतं. पॅराटायफी ए मध्ये त्या एन्झाइमचा जनुक मोडलेला आहे, त्यामुळे साखर पॅराटोजपाशीच थांबते. आमच्या फ्रिजमधल्या दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळे रोगजंतू, रिपोर्टवरची दोन वेगळी नावं, हे सगळं एका कार्बनवरच्या त्या दिशेवर उभं आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले होते.

या साखळ्यांच्याही वरून टायफी आणखी एक थर ओढून घेतो. तो व्हीआय. हीसुद्धा साखरेचीच साखळी, पण तिच्यात एकाच प्रकारची कडी अखेरपर्यंत. ती कडी मूळची गॅलॅक्टोजच्या घराण्यातली, पण तिच्यावर तीन ठिकाणी रासायनिक काम झालेलं असतं. सहाव्या कार्बनवरच्या अल्कोहोलचं आम्ल झालंय, त्यामुळे पूर्ण साखळीवर ऋण भार. दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजन आणि त्याला जोडलेला ॲसिटिल गट. आणि तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिललाही बहुतेक कड्यांवर ॲसिटिल लावलेलं. पहिला आणि चौथा कार्बन कड्या एकमेकींना जोडण्यात खर्ची पडतात, पाचवा वलयातच बांधलेला. म्हणजे मोजून बघा: अशा पूर्ण ॲसिटिल लागलेल्या कडीवर मोकळा हायड्रॉक्सिल एकही उरत नाही. साखर म्हटलं की पाण्याशी हातमिळवणी करणारे हायड्रॉक्सिलच डोळ्यांसमोर येतात. या साखरेने ते सगळे झाकून टाकलेत. बाहेरून दिसतात ते तिसऱ्या कार्बनवरचे ॲसिटिल, ओळीने वर आलेले. व्हीआयविरुद्धची प्रतिपिंडं ओळखतात ती मुख्यतः त्यांनाच.

सकाळच्या काचेवर ओ-९ची प्रतिपिंडं होती, टायव्हेलोजही होती. मध्ये हा थर होता, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. उकळल्यावर व्हीआय जंतूवरून सुटून द्रवात गेला आणि खालची टायव्हेलोज उघडी पडली. आमच्या बाकावर जे झालं तेच १९३४ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांनी टिपलं होतं: टायफीच्या काही जाती ओ सिरमला दाद देत नव्हत्या, आणि उंदरांना नेमक्या त्याच जास्त घातक ठरत होत्या. त्यांनी वेगळा अँटिजन मांडला आणि व्हिरुलन्स म्हणजे घातकपणा या शब्दावरून त्याला व्हीआय म्हटलं.

प्रतिपिंडांपासून लपायला जे उपयोगी पडतं तेच शरीरातही उपयोगी पडतं. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं ओ-अँटिजनवर बसून जंतूवर खूण करतात, मग भक्षक पेशी त्याला गिळतात. व्हीआय ती खूण नीट बसू देत नाही, आणि शरीराची पहिली आरडाओरडही दबलेली राहते. टायफॉइड सुरुवातीला जुलाबांचा धडाका न लावता पायरीपायरीने तापत जातो, यामागचं हे एक मोठं कारण. जंतू हा थर सतत बाळगत नाही. आतड्याच्या पोकळीत क्षार जास्त असतात, तिथे तो व्हीआय बनवणं आवरतं घेतो. आतड्याची भिंत ओलांडून ऊतींत शिरला की सुरू करतो. या मुलीच्या रक्तातून आलेला जंतू थर पांघरूनच आला होता आणि आम्ही त्याला पांघरुणासकट काचेवर ठेवलं होतं.

ॲसिटिल गटाचं वजन किती, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. पेरूची जेली जिच्यामुळे धरते ते पेक्टिन ही गॅलॅक्टुरॉनिक आम्लाची साखळी आहे, आणि व्हीआयची ती जवळची नातेवाईक. जोडणी तशीच, सहाव्या कार्बनवर आम्ल तसंच, दुसऱ्या कार्बनवर मात्र साधा हायड्रॉक्सिल. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये जॉन रॉबिन्स यांच्या गटाने फळातल्या पेक्टिनला रासायनिक पद्धतीने ॲसिटिल गट लावले. व्हीआयचं सिरम त्या पेक्टिनला व्हीआय समजून बिलगलं. त्याला प्रथिन जोडून उंदरांना टोचलं, तर उंदरांनी व्हीआयविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. त्याच गटाने उलटही करून पाहिलं होतं: खऱ्या व्हीआयवरचे तिसऱ्या कार्बनचे ॲसिटिल काढून टाकले, तेव्हा प्रतिपिंडं जागवण्याची त्याची ताकद गेली. फळातल्या साखळीला ॲसिटिल लावून व्हीआयचा चेहरा देता आला, आणि खुद्द व्हीआय ॲसिटिलशिवाय ओळखू येईना.

लस बनवणाऱ्यांना म्हणूनच हे ॲसिटिल मोजावे लागतात. जुनी, खात्रीची पद्धत हेस्ट्रिनची: अल्कलीत हायड्रॉक्सिलअमीन घालायचं, ते ॲसिटिल उचलून घेतं, मग फेरिक क्लोराइड टाकलं की तपकिरी-जांभळा रंग चढतो, जितके ॲसिटिल तितका रंग गडद. साध्या व्हीआय लशीत ग्रॅमभर साखरेमागे ते निदान २ मिलिमोल असावेत अशी अट आहे. अल्कलीत हे गट झडतात, त्यामुळे बनवताना द्रावण जरा जास्त वेळ अल्कलीकडे झुकलं तरी बाटलीत साखर तेवढीच राहील आणि लस मात्र निकामी होईल.

धाकट्या भावाचा प्रश्न

शनिवारी मुलीची आई अंतिम रिपोर्ट न्यायला आली. सिप्रोफ्लॉक्सासिन रेझिस्टंट, सेफ्ट्रायाक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन सेन्सिटिव्ह. आपल्याकडच्या टायफीत हे चित्र आता नेहमीचंच झालंय. तिने विचारलं ते मात्र वेगळंच. "ताई, धाकटा सात वर्षांचा आहे. त्याला लस टोचून घेऊ का?"

उत्तर नावावर अवलंबून होतं. सध्याच्या टायफॉइडच्या इंजेक्शनच्या लशी व्हीआयवर बेतलेल्या आहेत. पॅराटायफी ए वर व्हीआय नसतोच, त्यामुळे त्या तापाला ही लस लागू पडत नाही. घरातला जंतू पॅराटायफी ए निघाला असता, तर मला तिला सांगावं लागलं असतं की या जंतूपासून ही लस मुलाला वाचवणार नाही. आणि शुक्रवार सकाळचा आमचा निरोप तसाच राहिला असता, तर लशीचा विषयच कुणी काढला नसता.

नुसती साखर टोचली तर शरीर तिची आठवण ठेवत नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळांचं शरीर तर तिला फारशी दादच देत नाही. म्हणून व्हीआयला टिटॅनस टॉक्सॉइडसारखं प्रथिन जोडतात. त्या प्रथिनामुळे प्रतिकारशक्तीच्या टी पेशी कामाला लागतात आणि स्मृती तयार होते. हैदराबादच्या भारत बायोटेकची अशी लस जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेनंतर २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली, एक लाखाहून जास्त मुलांना. सरकारी पातळीवर ही लस अशी देणारं ते जगातलं पहिलं शहर. खाडीपलीकडे हे होऊन गेलं आणि भांडुपच्या या घरात लशीचं नावही पोचलेलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. आईला सांगितलं: मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, लस घ्या, पण तो आधीच त्याच पाण्यातून जंतू पिऊन बसला असेल तर लस आता तो ताप अडवणार नाही, म्हणून पुढचे काही आठवडे ताप आला तर विडाल करत बसू नका, थेट ब्लड कल्चर करा. आणि पाणी उकळून प्या. भावाला ताप आला नाही. लस त्याला पुढच्याच आठवड्यात मिळाली.

मुलीचा ताप उपचाराच्या पाचव्या दिवशी उतरला. टायफॉइडमध्ये योग्य औषधावरही इतके दिवस जातात. तिसऱ्या दिवशी ताप बघून औषध बदलायची घाई तिच्या डॉक्टरांनी केली नाही.

आम्ही काय बदललं

रिपोर्टवर दुरुस्तीची नोंद लावली: काय कळवलं होतं, किती वाजता, काय बदललं आणि कशामुळे. पहिली नोंद पुसली नाही. मुलाला मी सर्वांसमोर सांगितलं की चूक कार्डाची होती आणि कार्ड माझं होतं. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून मागच्या वर्षभरातले 'साल्मोनेला स्पीशीज'चे रिपोर्ट काढले आणि ते जंतू साठवणीतून पुन्हा लावू का म्हणून विचारलं. लावले. दोघांच्या नळ्यांची नोंद टायफीची होती. त्यातला एक उकळल्यावर ओ-९ला आला. त्या रुग्णाच्या डॉक्टरांना पत्र गेलं.

नव्या कार्डावर 'नाही' नंतर पहिली ओळ आहे: व्हीआय लावा, आलं तर वीस मिनिटं उकळून ओ-९, ओ-२ आणि व्हीआय पुन्हा. त्याखाली: हायड्रोजन सल्फाइड खिडकीच्या उजेडात, नळी फिरवून वाचा. त्याखाली: नळ्या आणि स्लाइड यांचं जुळत नसेल, तर वॉर्डला फोन करू नका, मला उठवा.

हा जंतू शिकवायला उत्तम म्हणून आम्ही ठेवून घेतला. एक वाण ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर, आणि एक रोजच्या वापराला अगरच्या उतारावर, दर पंधरवड्याला नव्या उतारावर घेत. दिवाळीनंतर नवे विद्यार्थी आले. त्यांना दाखवायला मुलाने उतारावरचा जंतू काचेवर घेतला, न उकळता ओ-९ टाकलं, "बघा, दूध तसंच राहील" असं म्हणून काच झुलवली, आणि काचेवर भरभरून दाणे पडले. व्हीआय लावलं, ते आलं नाही. माणसाच्या शरीराबाहेर, अगरवर पिढ्यान्पिढ्या वाढताना टायफी व्हीआयचे जनुक वाहणारा गुणसूत्राचा अख्खा तुकडा कधीकधी टाकून देतो. आमच्या उतारावर तेच झालं होतं. विद्यार्थ्यांना थांबायला सांगून तो फ्रीझरकडे गेला आणि ग्लिसरॉलची कुपी घेऊन आला. नवी प्लेट लावून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना परत बोलावलं. त्या दिवशी दूध तसंच राहिलं, आणि त्याने पाणी उकळायला ठेवलं.